फेस कुठंय?

विलेपार्ले पूर्वेला पूर्वी बिस्किटांचा वास यायचा. गाडीत उभ्याउभ्या डुलकी लागलेल्या माणसालाही त्या वासानं जाग यायची आणि पार्लं आलं हे कळायचं. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद पडला आणि पार्लेकरांच्या नाकाला काही काम उरलं नाही. २०२० च्या टाळेबंदीनं ती उणीव भरून काढली. हल्ली आमच्या इमारतीचा जिना चढताना पहिल्या मजल्यावर संत्रं, दुसऱ्यावर लिंबू आणि तिसऱ्यावर मोसंबी व विसरलेलं ताक यांच्या अधलंमधलं काहीतरी, अशा क्रमानं वास चढत जातो. जिथे पूर्वी कैरीचं लोणचं घालायचे तिथे आता बायोएन्झाइम घालतात. बरणी तीच, दादरा बांधायची पद्धत तीच, ‘हात लावू नकोस’ हा दमही तोच. खायचं मात्र नाही. त्यानं फरशी पुसायची.

ज्यांच्या इमारतीत हे लोण अजून पोचलं नसेल त्यांच्यासाठी कृती सांगून टाकतो, कारण पार्ल्यात ती सगळ्यांना पाठ आहे आणि कुणी विचारलं नाही तरी सांगितली जाते. एक भाग गूळ, तीन भाग लिंबूवर्गीय फळांची सालं, दहा भाग पाणी. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम सालं, एक लिटर पाणी. प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं, वर चांगली रिकामी जागा सोडायची, पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून आतली हवा जाऊ द्यायची आणि तीन महिन्यांनी गाळायचं. या पद्धतीच्या प्रसाराचं श्रेय थायलंडच्या डॉ. रोसुकोन पूमपानवोंग यांना दिलं जातं. पार्ल्यात मात्र ते कुणाला द्यायचं यावर तीन वेगवेगळ्या इमारतींमध्ये मतभेद आहेत.

कृती इतकी सोपी असती तर पार्लेकरांनी ती हातात घेतली नसती. मुळात गूळ कुठला, यावर आमच्या गच्चीत एक संपूर्ण संध्याकाळ गेली. कोल्हापुरी घ्यावा की साधा, पिवळाधमक घ्यावा की काळसर, सेंद्रिय घेतला तर तो सालांवर वाया घालवणं पाप की पुण्य? ‘अहो, जंतूंना काय कळतंय,’ असं एकजण म्हणाले. ते मूळचे दादरचे. मग सालांचा प्रश्न. घरात दिवसाला दोन लिंबं पिळली जातात, त्यातून ३०० ग्रॅम सालं जमायला पाडवा उजाडायचा. तेव्हा सगळ्यांची नजर स्टेशनजवळच्या रसवाल्याकडे वळली. मोसंबीच्या सालांचं पोतं रोज रात्री कसं फेकायचं ही त्याची वर्षानुवर्षांची चिंता होती. पहिले काही दिवस त्यानं पिशव्या भरभरून सालं फुकट दिली, वर ‘आंटी, रोज या’ असंही म्हणाला. मग काकूमंडळींची रांग लागली, आणि रांग बघून कुठल्याही धंदेवाल्याला जे सुचतं तेच त्याला सुचलं. आता एक ग्लास रस घेतला तरच सालं मिळतात. स्वस्तातलं क्लीनर करण्यासाठी आमच्या तळमजल्यावरच्या काकू आठवड्यातून तीनदा मोसंबीचा रस पितात. त्यांची तब्येत सुधारली, हे कबूल केलं पाहिजे.

आणि झाकण. साखर आंबते तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण ‘रोज’ या शब्दाचा अर्थ लोक आठवण येईल तेव्हा असा लावतात. त्यातून बाटली काचेची असली तर संपलंच. आमचं पार्लं विमानतळाला खेटून आहे. रात्री दोन वाजता डोक्यावरून विमान गेलं तरी इथला माणूस कूस बदलत नाही. तरीही दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात एका मे महिन्यात जो बार झाला त्यानं अख्खी इमारत जिन्यात जमली. पंख्याच्या पात्यांवर संत्र्याची सालं लोंबत होती आणि छताला गुळाचं पाणी लागलं होतं. कुणाला काही लागलं नाही हे बघून झाल्यावर पहिली प्रतिक्रिया आली ती सेक्रेटरींची. ते म्हणाले, ‘काचेची बरणी वापरू नका असं मी ग्रुपवर टाकलं होतं.’ टाकलं होतं, हे खरं आहे. ते सत्तेचाळीस ‘सुप्रभात’च्या खाली होतं, हेही खरं आहे.

घरी काहीतरी ढवळून बाजारावर मात करायची, ही पार्ल्याची जुनी खोड. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली इथे छावणी पडली होती आणि बेकायदा मीठ तयार होत होतं. आमच्या काकूंना हे कुणीतरी सांगितल्यापासून त्या फरशी पुसतानाही जरा ताठ असतात. अर्थात घरगुती क्लीनरचा सगळ्यात यशस्वी भारतीय प्रयोग गुजरातेत झाला. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घराच्या मागे धुण्याची पावडर मिसळायला घेतली, सायकलवरून दारोदार विकली आणि पुढे तिनं भल्याभल्या कंपन्यांचा फेस काढला. पार्ल्यात असं काही होणार नाही. पार्लेकर घरी काही चांगलं बनवतो तेव्हा विकायला सायकल काढत नाही, कार्यशाळा घेतो.

तशी ती झाली. सभागृह भरलं होतं. लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, पार्ले टिळक विद्यालय त्याआधीचं, १९२१ चं. शंभर वर्षं ज्या उपनगरानं व्याख्यानं ऐकली तिथे ‘घरच्या घरी स्वच्छता’ या विषयाला लोक वही घेऊन येणारच. बाईंनी टेबलावर स्टीलचं पातेलं ठेवलं, त्यात खाण्याचा सोडा घातला, वर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस वर आला आणि पहिल्या तीन रांगांतून ‘अय्या’ असा एकच उद्गार निघाला. फेसाला टाळ्या मिळाल्या. ‘बघा, मळ कसा पळतोय,’ बाई म्हणाल्या.

पार्ल्यातल्या प्रत्येक कार्यक्रमात शेवटून दुसऱ्या रांगेत एक निवृत्त प्राध्यापक बसलेले असतात. ते उठले. ‘माझा प्रश्न नाही, निरीक्षण आहे,’ असं म्हणाले, म्हणजे आता दहा मिनिटांची निश्चिंती. परंतु या वेळी त्यांचं म्हणणं वहीत उतरवून घेण्यासारखं होतं. सोडा हा अल्कली, व्हिनेगर हे आम्ल. दोघं वेगवेगळे असतात तोवर दोघंही कामाचे. एकत्र आले की एकमेकांना संपवतात. वायू उडून जातो आणि पातेल्यात उरतं ते सोडियम ॲसिटेट घातलेलं पाणी, म्हणजे साधारण खारट पाणी. फेसाच्या धक्क्यानं सिंकच्या जाळीतला एखादा भाताचा कण हलेल, बाकी चिकट काही निघणार नाही. ‘चिकटाला सोडा, क्षाराला व्हिनेगर, आणि दोघांची गाठ घालू नका,’ असं बोलून ते खाली बसले. सभागृह हिरमुसलं. विज्ञान बरोबर होतं, पण फेस नव्हता.

कार्यशाळेतून परतताना मंडळींनी प्राध्यापकांचा सल्ला मागे ठेवला आणि फेसाची आठवण सोबत नेली. दुसऱ्या दिवशी वाण्याकडचं व्हिनेगर दुपारी संपलं.

याचे परिणाम ओट्यांवर दिसले. पार्ल्याच्या जुन्या इमारतींत ओटा कडप्प्याचा. काळा, जड, आजेसासूच्या काळापासून पोळपाटाचे दणके खाल्लेला. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे हे बऱ्याच जणांना तो पुसून झाल्यावर कळलं. नव्या टॉवरमध्ये टँकरचं पाणी येतं, नळावर पांढरे थर बसतात, त्यावर व्हिनेगर लावलं की थर विरघळतो आणि नळ चकाकतो. तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि कडप्प्यातही मुख्यतः तेच. आम्लाला दोन्हींतला फरक समजत नाही. आमच्या समोरच्या घरात लिंबाचं बायोएन्झाइम गाळून बाटली ओट्यावर ठेवली होती, तिच्या बुडाचा ओघळ रात्रभर राहिला. सकाळी बाटली उचलली तर खाली गोल, मळकट पांढरा, हाताला किंचित खरखरीत लागणारा डाग. तेल चोळलं, खोबरं चोळलं. तेलानं तो तासभर काळा दिसतो, मग पुन्हा उगवतो. शेवटी त्यावर कायमचा मिसळणाचा डबा ठेवण्यात आला. मोझॅकच्या लाद्यांचीही तीच कथा. त्यातले खडे संगमरवराचे असतात, आणि ज्या लाद्यांना पन्नास वर्षं सोसायटीच्या भांडणांनी काही केलं नाही त्यांची चकाकी घट्ट लिंबूपाण्यानं एका पावसाळ्यात जाते. ग्रॅनाइट असेल तर हरकत नाही, साध्या सिरॅमिक टाइल्सनाही नाही. दगड ओळखता येत नसेल तर लिंबाचा एक थेंब कोपऱ्यात टाकून बघावा. बुडबुडे आले तर बाटली बाल्कनीत ठेवावी.

आता जे खरंच चालतं त्याबद्दल. इथे नवीन शोध लागलेला नाही, आजी जे करायची तेच चालतं, फक्त आजीनं त्याची कार्यशाळा घेतली नव्हती. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सोलकढी असते, आणि त्यामागे पाककलेपेक्षा ताम्हन जास्त असतं. गाळून उरलेली आमसुलं बायको वाटीत काढून ठेवते. पळी-पंचपात्री, ताम्हन, अभिषेकाचा तांब्या, सगळं वर्षभरात काळवंडून तपकिरी झालेलं. आमसूल चिमटीत धरून, मिठाचे चार खडे लावून ताम्हनाच्या काठावर फिरवलं की बोटाखाली एक गुलाबी पट्टा उमटतो. अगदी बोटाच्या रुंदीचा. तो वाढत वाढत काठ पुरा करतो आणि मधलं सूर्याचं नक्षीकाम हळूहळू वर येतं. तांब्यावरचा काळा थर ऑक्साइडचा, तो आम्लात विरघळतो. खाली तांबं नवंच असतं. चिंचेनंही होतं, आंबट ताकानंही. मात्र लगेच भरपूर पाण्यानं धुऊन कोरडं पुसलं पाहिजे. तसंच ओलं उपडं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत त्यावर ढगाळ डाग पडतात आणि गुरुजी येईपर्यंत पुन्हा तेच काम. चांदीच्या निरांजनाला आमसूल नाही, तिथे रांगोळी. चिमूटभर, ओल्या फडक्यावर, हलक्या हातानं. आरशाला जुनं वर्तमानपत्र. वर्तमानपत्राचा एवढा उपयोग अजून शिल्लक आहे हे संपादकांना कळवायला हवं.

आणि रिठा. रिठ्याची टरफलं रात्री भिजत घालावी, सकाळी उकळून कुस्करावी, गाळावी. सॅपोनिनमुळे त्याला खरोखरीचा फेस येतो. कपड्यांना, दागिन्यांना, रेशमाला रिठा उत्तम. अडचण एवढीच की हे पाणी टिकत नाही, दोन-चार दिवसांत आंबतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. दिसायला ते थेट कोकम सरबतासारखं तपकिरी-लालसर, ठेवलेलं असतं सरबताच्याच जुन्या बाटलीत. चौथ्या मजल्यावरचे आजोबा एका भर दुपारी बँकेतून परत आले, ग्लासात बर्फ टाकला, बाटलीतलं ओतलं, वर जिरेपूडही भुरभुरली. पहिल्या घोटाला त्यांनी जे तोंड केलं ते घरच्यांनी पुढे कित्येक दिवस करून दाखवलं. रिठा भयंकर कडू असतो, त्यामुळे दुसरा घोट कुणी घेत नाही, हीच त्यातली सुरक्षितता. पण त्या बाटलीत रिठ्याऐवजी फिनेल असतं तर ही गोष्ट विनोदी लेखात आली नसती. घरात पोरंसोरं असली तर शीतपेयाच्या बाटलीत काहीही भरून ठेवू नये, आणि भरलंच तर कागद चिकटवून ठळक अक्षरात नाव लिहावं. ‘माझ्या लक्षात आहे’ हे लेबल नव्हे.

या सगळ्या क्रांतीचा खरा निकाल मात्र सभागृहात लागत नाही, तो सकाळी साडेनऊला मोरीत लागतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशी सहा घरं करतात. प्रत्येक घरात आता वेगळ्या फळाचं द्रावण. आमच्याकडे बायकोनं मोठ्या कौतुकानं नवी बाटली दाखवली, रसायनं नाहीत, नदीला त्रास नाही, सगळं समजावलं. मावशींनी दोन झाकणं काथ्यावर ओतली, कालच्या उसळीच्या कढईवर काथ्या एकदा फिरवला, थांबल्या, आणि म्हणाल्या, ‘वहिनी, फेस कुठंय?’

‘मावशी, फेस म्हणजे स्वच्छता नव्हे.’

‘आस्संल. पन तेल कुठं गेलंय?’

तेल कढईतच होतं. बायोएन्झाइम मुख्यतः आम्ल, म्हणजे प्राध्यापकांच्या भाषेत गुळाचं व्हिनेगर. फरशीवरचा हलका मळ, बाथरूमच्या टाइल्सवरचा क्षार, गवार-भेंडीच्या हातांचा वास यांना ते ठीक. जळक्या तेलाला अल्कली लागते. पूर्वी चुलीतली राख त्यासाठीच होती, तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं. आता चूल नाही, राख नाही, म्हणून धुण्याचा सोडा. तो कढत पाण्यात घालून कढई अर्धा तास भिजवली की तेल सुटतं. पण धुण्याचा सोडा हातालाही सोडत नाही. मावशींच्या बोटांच्या पेरांवर चिरा होत्या, सहा घरांच्या सहा पावडरींच्या. त्या चिरा आमच्या कार्यशाळेत कुणाच्या वहीत आल्या नव्हत्या. बायकोनं रबरी मोजे आणून दिले, ते मावशींनी घरी लेकीला दिले. रिठ्याचं पाणी मात्र त्यांना पटलं. ‘ह्यानं हात चुरचुरत न्हाईत,’ म्हणाल्या आणि एक बाटली भरून घेऊन गेल्या. आता आमच्याकडे रोजची भांडी रिठ्यानं, रविवारची कढई सोड्यानं, फरशी बायोएन्झाइमनं आणि संडास दुकानातल्या बाटलीनं, अशी वाटणी त्यांनीच करून दिली आहे. कार्यशाळेत बाईंना दोन तासांत जमलं नाही ते त्यांनी दोन मिनिटांत केलं.

खर्चाचा हिशेब दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मांडला आहे. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची एक्सेल शीट असते, मुलाच्या लग्नाचीही होती. गूळ, पाणी, बाटली, सालांसाठी प्यायलेला रस, सगळे रकाने भरलेले. घासणाऱ्याच्या वेळेचा रकानाही होता, त्यात शून्य लिहिलं होतं. त्यांच्या पत्नीनं ते बघितलं. त्यानंतर पुढचा महिनाभर फरशी स्वतः अधिकाऱ्यांनी पुसली आणि शीट सुधारून ग्रुपवर टाकली. सुधारित आकड्यांनुसार दुकानातलं फिनेल स्वस्त पडतं.

तरी मंडळी थांबलेली नाहीत. महापालिकेनं २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, तेव्हा आमची सोळा बिऱ्हाडांची इमारत त्या नियमात कुठेच बसत नव्हती. पण जो नियम लागू नाही त्यावर पार्लेकर अधिक तळमळीनं चर्चा करतो. सालं बाटलीत गेली, गाळलेला चोथा कुंडीत गेला, आणि कचऱ्याची बादली खरोखर हलकी झाली. हा फायदा एक्सेलमध्ये बसत नाही, पण बादली रोज खाली नेणारा माणूस तो सांगतो.

एका बाबतीत मात्र मी विनोद करणार नाही. संडासाच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये किंवा या आंबवलेल्या पाण्यात ब्लीच कधीही मिसळू नये. एकानं डाग जात नाहीत म्हणून दुसरं वर ओतायचं, ही सवय आपल्याकडे घराघरात आहे. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तोच जो १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सोडला होता. तिथे निदान मोकळं मैदान होतं, आपली मोरी चार बाय तीनची आणि झरोका कबुतरांमुळे बंद. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर मिसळलं तरी असाच विषारी वायू होतो. एका वेळी एकच बाटली, मध्ये भरपूर पाणी, दार उघडं.

बाकी हौस असेल त्यांनी जरूर करावं. सध्या आमच्या इमारतीत सगळ्यांकडे मिळून इतकं बायोएन्झाइम साठलं आहे की ते संपवायला फरशा पुरत नाहीत. हनुमान रोडच्या बाजूला कधी आलात तर वर या, हवं तेवढं घेऊन जा. बाटली आपली आणा, प्लास्टिकची, गळ्यापर्यंत भरू नका, आणि घरचा ओटा कडप्प्याचा असेल तर काकूंना तसं आधी सांगा. नाहीतर त्या आग्रह करतील.